शेजारच्या बांधकामावरील गर्भवती, बिहारचे आधार कार्ड आणि सोलापूरचा दवाखाना

प्रश्न – जुळे सोलापूरकर

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते आणि एका माध्यमिक शाळेत हिंदी शिकवते. आमच्या इमारतीला लागून गेल्या दिवाळीपासून एका अपार्टमेंटचे काम सुरू असून तेथे पत्र्याच्या पाच-सहा खोल्यांत बिहारमधील मजूर राहतात. त्यांपैकी एका सेंट्रिंग कामगाराची पत्नी आमच्या नळावर पिण्याचे पाणी भरायला येते. आपल्याकडे पाणी किती दिवसांआड येते हे येथील सभासदांना सांगायला नको. त्यामुळे ज्या दिवशी येते त्या दिवशी तास-दोन तास आमच्या दारात गप्पा होतात. त्यातूनच मला कळले की तिला सातवा महिना लागला आहे, ही पहिलीच खेप आहे आणि आजवर तिची एकदाही तपासणी झालेली नाही.

मागच्या आठवड्यात मी तिला घेऊन एका रुग्णालयात गेले. केस पेपरच्या खिडकीवर आधार कार्ड पाहून, “हे तर कटिहारचं आहे, इथला पत्ता आणा, नाहीतर गावाकडे जाऊन नाव नोंदवा,” असे सांगण्यात आले. बराच वाद घातल्यावर केस पेपर निघाला. आत बसलेल्या तरुण डॉक्टरांचे वागणे अतिशय सभ्य होते. त्यांनी आपल्या हिंदीत विचारले, “जुलाब हो रहा है क्या?” ती पदर ओढून, मान खाली घालून “नहीं” म्हणाली आणि डॉक्टरांनी तसे लिहून घेतले. बाहेर आल्यावर ती मला विचारते, “दीदी, डागडर साहब जुलाब काहे पूछ रहे थे? हम तो कोई जुलाब नहीं लिए.” वास्तविक तिला तीन दिवसांपासून पातळ संडास होत होती. मराठीत जुलाब म्हणजे हगवण आणि हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ होण्यासाठी घेतलेले रेचक, हा फरक मी वीस वर्षे वर्गात शिकवत आले आहे आणि नेमक्या वेळी तो माझ्याही लक्षात आला नाही. आम्ही पुन्हा आत गेलो, डॉक्टरांनी औषध बदलून दिले; पण मी बरोबर नसते तर काय झाले असते, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

आता अडचणी अशा आहेत. लोहाच्या गोळ्या ती घेत नाही, कारण त्या ‘गरम’ पडतात असे सासूने फोनवर सांगितले आहे. नवरा बरोबर आला तर त्याचा खाडा पडतो, आणि तो नसेल तर ती पुरुष डॉक्टरांशी बोलत नाही. आठव्या महिन्यात गावी जावे असे तिला वाटते, परंतु ठेकेदाराची उचल फिटेपर्यंत नवऱ्याला निघता येणार नाही. बाळंतपण येथेच करायचे ठरले तर परराज्यातील बाईला सरकारी व्यवस्थेत नेमके काय मिळू शकते, कोणती कागदपत्रे लागतात, आणि ज्यांचा आपल्याशी ना भाषेचा संबंध ना आहाराचा, अशा कुटुंबाला समजावून सांगायचे ते कोणत्या पद्धतीने? मी शेजारीण आहे, नातेवाईक नाही, हेही लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर – निवृत्त सिस्टर

ताई, आधी पत्त्याचा प्रश्न. मी तेहतीस वर्षे ए.एन.एम. (साहाय्यक परिचारिका) म्हणून काम केले, बहुतेक काळ अक्कलकोट तालुक्यातील उपकेंद्रांत आणि शेवटची काही वर्षे शहरात. गरोदर बाई ज्या ठिकाणी राहते त्या ठिकाणी तिचे नाव नोंदवायचे असते; आधार कार्डावर कोणता जिल्हा छापला आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. सध्याचा पत्ता म्हणून ‘अमुक अपार्टमेंटचे बांधकाम, जुळे सोलापूर’ एवढे आणि एक चालू मोबाइल क्रमांक लिहिला तरी काम होते. आपल्या भागातील नागरी आरोग्य केंद्रात जाऊन तिचे माता व बाल सुरक्षा कार्ड काढून घ्या. कार्डावर जो नोंदणी क्रमांक पडतो तो फार जपावा, कारण उद्या ती कटिहारला गेली तरी त्याच क्रमांकावरून तिकडच्या आशाताईला पुढची नोंद करता येते.

बाळंतपणाचा खर्च ही खरी धास्ती असते. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम देशभर लागू आहे. सरकारी संस्थेत बाळंत होणाऱ्या कोणत्याही स्त्रीला बाळंतपण, गरज पडल्यास सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, रुग्णालयातील जेवण, घरून आणण्याची आणि परत सोडण्याची गाडी हे सर्व विनामूल्य आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस आहार दिला जातो. यासाठी पिवळे रेशनकार्ड लागत नाही आणि महाराष्ट्राचा रहिवासी दाखलाही लागत नाही. आजारी बाळालाही एक वर्षापर्यंत हीच सवलत आहे. सिव्हिलमध्ये असो किंवा महापालिकेच्या डफरीनमध्ये असो, कोणी बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात दिली तर या कार्यक्रमाचे नाव घेऊन शांतपणे विचारावे. नाव घेतल्यावर चिठ्ठी परत घेतली गेल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. हे अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींना त्या दिवशी विशेषज्ञ डॉक्टर तपासतात, बहुतेक वेळा बाई डॉक्टर असतात आणि गर्दीत सगळ्या पोटुश्याच असल्याने आपली पाहुणीही थोडी मोकळी होईल. हिमोग्लोबिन, रक्तदाब, लघवी, साखर, रक्तगट, एच.आय.व्ही., गुप्तरोगाची तपासणी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन एवढे त्या एका फेरीत उरकून घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात आणि ७ च्या खाली गेले तर तो धोक्याचा प्रकार असतो. तेव्हा गोळ्यांवर भागत नाही.

गोळ्यांविषयी एक अनुभव सांगते. ‘गरम पडतात’ ही समजूत बिहारची म्हणून हसण्यावारी नेऊ नका. माझ्या अक्कलकोटच्या बायकाही हेच म्हणत, आणि काहींना वाटे की मूल पोटात मोठे होऊन अडेल. सासू चूक आहे असे सांगितले की गोळ्या थेट उकिरड्यावर जातात. मी सांगत असे, “उन्हाळी लागते ना, मग रात्री जेवण झाल्यावर घ्या, वरून लिंबू-पाणी प्या, चहाबरोबर घेऊ नका आणि संडास काळी झाली तर घाबरू नका.” कॅल्शियमची गोळी त्याच वेळी देऊ नये, दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. शक्य झाले तर त्या सासूबाईंशी आपणच फोनवर बोला. आपली हिंदी या कामी येईल आणि घरातल्या मोठ्या बाईला विचारले याचे तिकडे समाधानही होईल.

गावी जाण्याविषयी मी स्पष्ट सांगते. पहिलटकरीण, रक्त कमी असण्याची शक्यता, दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास आणि त्यात बहुधा जनरल डबा. आठव्या महिन्याच्या अखेरीस हे करू नये. जायचेच असेल तर तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, लवकर जावे आणि कार्ड व सर्व रिपोर्ट अंगावरच्या पिशवीत ठेवावेत. येथे थांबली तर जवळच्या अंगणवाडीत नाव घालून घरपोच आहार घ्यावा. त्यांचे बिहारचे रेशनकार्ड आधारला जोडलेले असेल तर ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत येथील दुकानातूनही अंगठा लावून धान्य मिळते आणि गावातील माणसांचा वाटा गावात तसाच राहतो.

बाळ झाल्यावर जन्मदाखला सोलापूर महापालिकेचाच मिळेल, कारण जन्म जेथे होतो तेथेच नोंद करावी लागते आणि तीही २१ दिवसांत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेशापासून सगळीकडे हाच दाखला चालतो. मजूर कुटुंबे दाखला न घेता निघून जातात आणि सहा वर्षांनी मुलाला शाळेत घालताना बापाला एवढ्या लांबून हेलपाटे घालावे लागतात, म्हणून हे आवर्जून लिहिले.

राहता राहिला खिडकीवरचा माणूस. त्याची बाजू घेत नाही, पण आतली गोष्ट अशी की आशाताईंचा मोबदला कामावर असतो. चार तपासण्या झाल्या, दवाखान्यात बाळंतपण झाले, बाळाचे लसीकरण पूर्ण झाले, तर त्या त्या टप्प्याचे पैसे. जी बाई मध्येच उठून जाणार तिच्यामागे दहा फेऱ्या मारून हाती काही लागत नाही आणि रजिस्टरमध्ये ती ‘सुटलेली’ म्हणून दिसते. वरचे साहेब सुटलेल्यांविषयी विचारतात, न नोंदवलेल्यांविषयी कोणीही विचारत नाही. त्यामुळे बाहेरची बाई नोंदवायचीच नाही, हा सोपा मार्ग निघतो.


उत्तर – विडी घरकुल

सिस्टरांनी कागदांचे सगळे सांगितले आहे. मी भाषेविषयी लिहिते, कारण आमच्या घरात तो प्रश्न तीन पिढ्या चालू होता.

माझे पणजोबा तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, हातमागाचे काम शोधत सोलापुरात आले. येथे १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि त्यानंतरच्या काही दशकांत पद्मशाली विणकरांची गावेच्या गावे पूर्व भागात येऊन वसली. पुरुष मागावर आणि बायका विडी वळायला, अशी आमच्याकडची विभागणी होती. माझी आजी आयुष्यभर विड्या वळत राहिली. पान भिजवणे, कात्रीने कापणे, तंबाखू भरून वळणे, दोरा बांधणे आणि हजाराच्या हिशेबाने माल कारखान्यात नेऊन देणे, यात तिचे दिवस गेले आणि छातीत तंबाखूची धूळ गेली. तिला मराठी जेमतेम बाजारापुरती येत असे.

साधारण चाळीस वर्षांपूर्वी तिला धडधडू लागले म्हणून माझ्या आईने, म्हणजे तेव्हाच्या बारा वर्षांच्या मुलीने, तिला एका दवाखान्यात नेले. आजी सारखी म्हणत होती, “गुंडे दड, गुंडे दड.” तेलुगूत गुंडे म्हणजे काळीज आणि दड म्हणजे धडधड. कंपाउंडरला ऐकू आले की कोणी गुंड दडून बसला आहे आणि म्हातारी घाबरली आहे. खोलीत हशा पिकला. आई लाजून गप्प बसली, आणि आजी त्यानंतर कित्येक वर्षे दवाखान्याची पायरी चढली नाही. आमच्या घरात हा किस्सा अजूनही हसत हसत सांगतात. मी परिचारिका झाल्यापासून मला त्याचे हसू येत नाही.

आज आमच्या भागात परिस्थिती पालटली आहे, आणि ती कोणा एका योजनेमुळे पालटलेली नाही. महापालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळांतून शिकलेली पोरे डॉक्टर, केमिस्ट, लॅबवाले झाली. अशोक चौक, कन्ना चौक, दत्त नगर या भागांत तेलुगू बोलणारा डॉक्टर शोधावा लागत नाही. मार्कंडेय रुग्णालयाच्या तर नावातच आमच्या समाजाचे दैवत आहे. कानडीचेही तसेच आहे. विजयपूर आणि कलबुर्गीकडून रोज इतके रुग्ण सोलापुरात येतात की कोणत्याही मोठ्या रुग्णालयात ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोटदुखी हे झाडूवाल्या मावशीलाही कळते. म्हणजे बाहेरच्या माणसाची भाषा समजून घेण्याची सोलापूरला सवय नाही असे कोणी म्हणू नये. फक्त ती सवय जुन्या पाहुण्यांपुरती राहिली आहे आणि नवीन पाहुण्यांना आपण ‘हिंदी तर सगळ्यांनाच येते’ म्हणून सोडून दिले आहे.

आपण ज्याला हिंदी समजतो ती आपली दख्खनी असते. “क्या होरा जी, कायकू रोरी, नक्को बोलको क्यूं बैठी,” हे कटिहारच्या मुलीने कसे समजावे? आणि शुद्ध हिंदी म्हणून जे आपण बोलतो त्यात मराठी शब्द जसेच्या तसे घुसतात. जुलाबाचा प्रकार आपण पाहिलाच. हिंदीतला ‘दस्त’ म्हणजे जुलाब, आणि आपल्याकडे दस्त नोंदणी कार्यालयात होतो. ‘दौरा पडा’ म्हणजे झटका आला, आपल्याकडे दौऱ्यावर मंत्री येतात. ‘खाली पेट’ म्हणजे उपाशीपोटी, मी स्वतः एका बाईला ओटीपोटावर हात ठेवून “खाली पेट में दर्द है?” असे विचारले होते आणि ती बिचारी “नहीं, खाना खाके आई हूँ,” म्हणाली. गर्भाशयाला आपण ‘पिशवी’ म्हणतो, ती ‘बच्चेदानी’ म्हणते. अंगावरून पांढरे जाणे याला तिच्याकडे ‘सफेद पानी’ म्हणतात आणि तो शब्द ती नवऱ्यासमोर उच्चारणार नाही.

त्यामुळे माझी एकच विनंती आहे की दुभाष्या म्हणून नवऱ्याला किंवा लहान मुलाला पुढे करू नये. आमच्या वॉर्डात एका तिसरीतल्या मुलाला आपल्या आईच्या रक्तस्रावाविषयी डॉक्टरांना सांगावे लागले होते. तो “मम्मी को लग गया है” एवढेच बोलत राहिला, आणि प्रत्यक्षात तिचा गर्भपात होत होता. त्या दिवसानंतर मी एक वही केली. डावीकडे मराठी, पुढे हिंदी, तेलुगू आणि कानडी. दुखणे कोठे, केव्हापासून, किती वेळा, रक्त जाते का, बाळ हलते का, असे पन्नासेक प्रश्न. आमच्या वॉर्डातील मुली आता ती वापरतात. भोजपुरी आणि मैथिलीचे शब्द त्यात नाहीत. ताई, आपल्या पाहुणीला विचारून तेवढे भरून द्याल का?

संमतीपत्राविषयीही लिहिते, कारण बाळंतपणात ते पुढे येणारच. सही नवऱ्याने केली, बाईला काय चालले आहे ते ठाऊकच नाही, असे सर्रास घडते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सांगितले की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन तिची स्वतःची संमती घ्यावी लागते. त्या प्रकरणात स्त्री भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले होते, आणि न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. तातडीने जीव वाचवायचा असेल तर गोष्ट वेगळी. पण एरवी तिला समजेल अशा भाषेत सांगितल्याशिवाय कागद पुढे करू नये, असे आपण बरोबर असाल तर नक्की सांगा.


उत्तर – सात रस्ता

सर्वांची मते वाचली. सहानुभूती सर्वांनाच आहे. परंतु एक अप्रिय प्रश्न विचारणे भाग आहे. आपल्याच जिल्ह्यातील माणसाला सरकारी रुग्णालयात सकाळी सातपासून रांगेत उभे राहावे लागते, एका खाटेवर कधी दोन रुग्ण दिसतात, आणि कर आपण भरतो. अशा वेळी परराज्यातून आलेल्यांसाठी दुभाषी, वह्या आणि विशेष व्यवस्था यांची मागणी करणे कितपत योग्य आहे? ज्याने मजूर आणले त्या ठेकेदाराने त्यांची काळजी घ्यावी. आपल्याकडील तरुण पुण्याला जातात तेव्हा तेथे त्यांना कोण विचारते?


उत्तर – दवाखाना, अक्कलकोट रोड

मी औद्योगिक वसाहतीजवळ वीस वर्षे प्रॅक्टिस करतो. सात रस्ता यांच्या प्रश्नाचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने देतो.

ज्या इमारतीशेजारी ताई राहतात, तिच्या बांधकाम खर्चाच्या एक टक्का रक्कम उपकर म्हणून बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी कापली जाते. १९९६ च्या कायद्याने ही व्यवस्था सुरू झाली. त्या पैशातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालते, आणि नोंदणीसाठी कामगार महाराष्ट्राचाच असावा अशी अट नाही. अट आहे ती वय १८ ते ६० आणि मागील वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याच्या दाखल्याची. नोंदणी झालेल्या कामगाराच्या पत्नीला पहिल्या दोन अपत्यांसाठी साध्या बाळंतपणाला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपयांचे साहाय्य मंडळाकडून मिळते. तेव्हा हा पैसा आपल्या करातून येतो असे समजू नये. फ्लॅट घेणाऱ्याच्या किमतीतून तो आधीच गेलेला आहे. ठेकेदाराने काळजी घ्यावी हे आपले म्हणणे मला मान्यच आहे. त्याने फक्त ९० दिवसांच्या दाखल्यावर सही करावी. तेवढीच तो करत नाही, कारण सही केली की एवढे मजूर आपल्याकडे आहेत हे कागदावर येते.

कारखान्यातील कामगारांची गोष्ट थोडी निराळी आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला राज्य कामगार विमा लागू होतो, मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. कामावरील अपघाताला तर पहिल्या दिवसापासून संरक्षण असते आणि गावी राहणाऱ्या कुटुंबाला तेथील विमा दवाखान्यातही उपचार मिळतात. परंतु आपल्याकडे यंत्रमागाचे कितीतरी कारखाने एका शेडमध्ये आठ-नऊ माणसांवर चालतात, आणि एकाच छताखाली मधे भिंत घालून दोन नावांनी चालणारेही मी पाहिले आहेत. अशा ठिकाणच्या मुलाची बोटे मागात गेली की तो माझ्याकडे येतो, मी मलमपट्टी करतो, आणि त्याच्या हातात नोकरीचा एकही कागद नसतो.

योजनांच्या नावांतही लोकांची गल्लत होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी महाराष्ट्राचे रेशनकार्ड किंवा अधिवास दाखला लागतो, त्यामुळे या कुटुंबाला ती मिळणार नाही. त्यांच्याकडे बिहारमध्ये काढलेले आयुष्मान कार्ड असेल तर मात्र वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे आंतररुग्ण उपचार सोलापुरातील पात्र रुग्णालयातही मिळतात. ऑगस्ट २०२३ पासून ज्या सरकारी रुग्णालयांत सर्व उपचार मोफत झाले, ती सार्वजनिक आरोग्य विभागाची आहेत; वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे असल्याने तो निर्णय तेथे लागू झाला नाही. सर्वसामान्य मराठी माणसालाही हा फरक ठाऊक नसतो, मग बिहारी मजुराने तो कोठून जाणून घ्यावा?

क्षयरोगाचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण तेथे ‘आपले आणि बाहेरचे’ हा विचार करणेच घातक आहे. दाटीवाटीच्या खोलीत राहणाऱ्या एकाला क्षय झाला आणि तो तीन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडून गावी गेला, तर औषधाला दाद न देणारा जंतू घेऊन तो परत येतो, आणि सोलापूरचीच माणसे त्याच्याबरोबर त्याच खोलीत, त्याच सिटी बसमध्ये असतात. साधा क्षय सहा महिन्यांच्या मोफत औषधांनी बरा होतो. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या निक्षय प्रणालीतील क्रमांक देशात कोठेही चालतो आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये थेट खात्यात येतात. मी अशा रुग्णाला एकच प्रश्न विचारतो, “छठ को घर जाओगे क्या?” कार्तिकातील छठपूजेला बिहारी माणूस गावी जातोच. दिवाळीआधीच त्याची बदली नोंदवून पुढच्या गोळ्या बरोबर दिल्या की खंड पडत नाही. रोग्याचा सण माहीत असणे हे औषधाच्या मात्रेइतकेच उपयोगी पडते, हे मला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते.

पुण्याला गेलेल्या आपल्या मुलांना कोण विचारते, हा प्रश्न रास्त आहे. केरळने २०१७ मध्ये परराज्यांतील कामगारांसाठी ‘आवाज’ नावाची स्वतंत्र विमा योजना सुरू केली, तशी आपल्याकडे असती तर विचारणारे कोणी असते. आणि आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, चिनी बोलायला आणि लिहायला शिकले आणि १९४२ मध्ये रुग्णसेवा करतानाच तेथे वारले. आपण त्यांच्या त्यागाविषयी पुष्कळ बोलतो, पण परक्या मुलखात जाऊन ते आधी रुग्णांची भाषा शिकले, ही गोष्ट माझ्या व्यवसायातील लोकांनी जरा अधिक आठवावी असे मला वाटते.


मूळ प्रश्नकर्ती – जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण ९ तारखेची वाट पाहत होते.

आरोग्य केंद्रात नोंदणी झाली. पत्त्याविषयी या वेळी कोणीही विचारले नाही. मात्र मोबाइल क्रमांक नवऱ्याचा देऊ नये, तो कामावर फोन उचलत नाही, म्हणून माझा लिहिला. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनाने लोह द्यायचे ठरवले आहे आणि प्रवास नको असे स्पष्ट सांगितले. सासूबाईंशी मी स्वतः बोलले. सुरुवातीला त्या फार तुटक बोलत होत्या. नंतर बाळंतिणीला सुंठीचे लाडू कसे करायचे ते त्यांनी मला वीस मिनिटे समजावून सांगितले. मी आपल्याकडील डिंक-अळिवाचे सांगितले. लोहाच्या इंजेक्शनाला त्यांनी संमती दिली. सुई गोळीसारखी गरम पडत नाही, असे त्यांचे मत आहे आणि ते खोडून काढण्याच्या भानगडीत मी पडले नाही.

ठेकेदाराने ९० दिवसांच्या दाखल्यावर अद्याप सही केलेली नाही. “बघू, मार्चनंतर,” असे उत्तर मिळाले. आमच्या सोसायटीतील दोघे जण त्याच इमारतीत फ्लॅट घेणार आहेत. त्यांनी बिल्डरकडे विषय काढावा असे मी सुचवले आहे.

विडी घरकुल ताई, वहीसाठी शब्द विचारले. ती आधी लाजली, मग खोलीतल्या आणखी दोघी जमल्या आणि शब्दांवरून त्यांच्यातच वाद लागला, कारण एक भोजपूरची निघाली. एकीच्या सांगण्यानुसार चक्कर येण्याला ‘माथा घूमल’, दुसरीचे म्हणणे वेगळेच. दोन रकाने करावे लागतील असे दिसते. आपल्या वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवाल का, म्हणजे त्याच क्रमाने भरून देईन?